समासातल्या लाल खुणा : इंग्रजी लेखन तपासताना वाचक नेमकं काय विचारतो?

पहिल्यांदा इंग्रजीत मोठा निबंध किंवा प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्यांना तो तपासून परत मिळतो, तेव्हा समासात काही तुटक शब्द दिसतात. 'फ्रॅग', 'रन-ऑन', 'सी. एस.', 'ऑक्वर्ड'. आणि सगळ्यात कोड्यात टाकणारे दोन प्रश्न : 'सो व्हॉट?' आणि 'हू सेज?' शाळेत काळ ओळखा, पॅसिव्ह करा, रिपोर्टेड स्पीच करा यात पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्यांनाही या खुणांचा अर्थ लागत नाही. त्यातच भाषा सुधारून देणारी एआय साधनं आता फोनमध्ये आली आहेत. मग व्याकरण, वाक्यप्रकार, रेटरिक, सायटेशन हे सगळं पुन्हा घोकायचं कशाला, असं विद्यार्थी विचारतात, आणि ते विचारणारच.

'रेटरिक' म्हणजे वाचकाला पटेल अशी मांडणी करण्याची कला. 'सायटेशन' म्हणजे आपण वापरलेली माहिती किंवा विचार कुठून घेतला, हे ठरावीक पद्धतीने नोंदवणं. अभ्यासक्रमात हे चार विषय सुटे सुटे शिकवले जातात, म्हणूनच ते नियमांचा ढिगारा वाटतात. माझं ठाम मत असं की चारही ठिकाणी वाचक एकच गोष्ट विचारत असतो : हे कोण करतंय, कोण म्हणतंय आणि कशाच्या बळावर? समासातली खूण म्हणजे त्या जागी त्याला उत्तर सापडलेलं नाही.

## इंग्रजीत शब्दाचं काम जागेवरून ठरतं

'कुत्र्याने मांजराला पकडलं' हे वाक्य 'मांजराला कुत्र्याने पकडलं' असं फिरवलं तरी कोणी कोणाला पकडलं यात फरक पडत नाही. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय सगळं सांगून टाकतात. इंग्रजीत मात्र 'द डॉग कॉट द कॅट' आणि 'द कॅट कॉट द डॉग' या दोन उलट घटना होतात. मराठी शब्द गळ्यात ओळखपत्र घालून फिरतो, कुठेही बसला तरी ओळखू येतो. इंग्रजी शब्द कोण आहे हे तो कोणत्या खुर्चीवर बसलाय यावरून कळतं. पहिली खुर्ची कर्त्याची, दुसरी क्रियापदाची, तिसरी कर्माची.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले आणि शब्दक्रम घट्ट होत गेला. 'ही' आणि 'हिम', 'हू' आणि 'हूम' या जोड्यांत त्या जुन्या विभक्तीचे अवशेष अजून दिसतात.

ही एक गोष्ट नीट समजली की आपल्या बऱ्याच चुकांचं मूळ सापडतं. मराठीत 'काल गेलो होतो' एवढं म्हटलं तरी चालतं, कारण क्रियापदावरून कर्ता कळतो. इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. करणारा कोणीच नसला, तरी 'इट इज रेनिंग' असं म्हणून तिथे 'इट' बसवावं लागतं. प्रश्न विचारताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं, 'व्हेअर इज द फाइल?' पण तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की शब्द आपल्या मूळ क्रमावर परततात : 'आय डोन्ट नो व्हेअर द फाइल इज.' 'आय डोन्ट नो व्हेअर इज द फाइल' ही चूक सुशिक्षितांच्या ईमेलमध्येही रोज दिसते.

कर्ता हरवण्याचा आणखी एक नमुना पाहा. 'वॉकिंग इन्टू द लॅब, द लाइट्स वेअर ऑफ.' 'प्रयोगशाळेत शिरताना दिवे बंद होते' हे आपल्याला अजिबात खटकत नाही. इंग्रजी वाचक मात्र सुरुवातीच्या 'वॉकिंग'चा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच शोधतो, आणि तिथे त्याला दिवे सापडतात. म्हणजे दिवे चालत आत आले! 'ॲज वी वॉक्ड इन्टू द लॅब, द लाइट्स वेअर ऑफ' असं म्हटलं की चालणारे कोण ते कळतं. समासातल्या 'ऑक्वर्ड' या शेऱ्यामागे पुष्कळदा हेच असतं.

## ए, ॲन, द : छोटे शब्द, मोठा घोळ

आर्टिकल्स हा मराठी माणसाचा इंग्रजीतला सर्वांत जुना त्रास, कारण मराठीत त्यांच्यासारखं काही नाही. नियमांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हे वाचकाला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर 'द'. नसेल आणि वस्तू एक असेल, मोजता येण्यासारखी असेल तर 'ए' किंवा 'ॲन'. म्हणून एखादा अभ्यास पहिल्यांदा येतो तेव्हा 'अ स्टडी', आणि पुढच्याच वाक्यात 'द स्टडी', कारण आता वाचकाची त्याच्याशी ओळख झालेली आहे. पहिल्याच उल्लेखाला 'द' लावला तर वाचक मागे जाऊन शोधू लागतो की हा अभ्यास आधी कुठे आला होता.

'ए' की 'ॲन' हे स्पेलिंगवर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट' हे शब्द इंग्रजीत मोजता न येणारे मानले जातात, त्यामुळे 'ॲन इन्फर्मेशन' किंवा 'ॲडव्हायसेस' होत नाही.

कर्ता आणि क्रियापदाच्या वचनाबद्दल एवढंच : क्रियापद जवळच्या नामाकडे न पाहता खऱ्या कर्त्याकडे पाहतं. 'द क्वालिटी ऑफ द सॅम्पल्स वॉज पुअर' इथे वाईट आहे ती 'क्वालिटी', म्हणून 'वॉज'.

## वाक्याचे प्रकार : वजन कशावर द्यायचं?

हेतूनुसार वाक्यं चार प्रकारची, हे आपण मराठीतही शिकलो आहोत : विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी. शैक्षणिक लेखनात जवळजवळ सगळं काम विधानार्थी वाक्यांचं असतं, त्यामुळे इथे थांबायचं कारण नाही. खरी गंमत रचनेनुसार पडणाऱ्या प्रकारांत आहे.

केवल वाक्यात एक कर्ता आणि त्याचं एक विधान. संयुक्त वाक्यात दोन स्वतंत्र वाक्यं बरोबरीच्या नात्याने जोडलेली. मिश्र वाक्यात एक प्रधान आणि दुसरं त्याच्या आधाराने उभं असलेलं गौण. दोन्हीचा मिलाफ असलेलं वाक्य हा चौथा प्रकार.

बरोबरीने जोडणारी अव्ययं इंग्रजीत सात : 'फॉर', 'अँड', 'नॉर', 'बट', 'ऑर', 'येट', 'सो'. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये यांपैकी एक हवं, नाहीतर अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. नुसत्या स्वल्पविरामाने दोन वाक्यं चिकटवली की समासात 'सी. एस.' उमटतं, म्हणजे 'कॉमा स्प्लाइस'. तो स्वल्पविरामही नसेल तर 'रन-ऑन'. 'हाउएव्हर' हा शब्द इथे फार फसवतो. तो 'बट'सारखा वाटतो, पण त्या सातांत नाही. म्हणून दोन वाक्यांच्या मध्ये 'हाउएव्हर' आला तर त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

'फ्रॅग' म्हणजे 'फ्रॅगमेंट', अपुरं वाक्य. 'बिकॉज द रिझल्ट्स वेअर अनक्लिअर.' यात कर्ता आहे, क्रियापद आहे, मग अपुरं काय? मराठीत 'कारण निकाल स्पष्ट नव्हते.' हे वेगळं वाक्य म्हणून बिनदिक्कत लिहिता येतं. इंग्रजीत मात्र 'बिकॉज' लागताक्षणी वाक्य गौण होतं आणि त्याला शेजारी प्रधान वाक्य लागतं. 'ऑल्दो'चंही तसंच. आपली 'जरी... तरी' ही जोडी डोक्यात इतकी पक्की बसलेली असते की 'ऑल्दो इट वॉज लेट, बट वी कंटिन्यूड' असं सहज लिहिलं जातं. 'ऑल्दो'ने पहिलं वाक्य गौण केलं, 'बट'ने त्याला पुन्हा बरोबरीला आणलं, आणि प्रधान कोण हेच कळेनासं झालं. दोघांपैकी एकालाच ठेवायचं.

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. 'ऑल्दो द ड्रग हॅज साइड इफेक्ट्स, इट वर्क्स.' आणि 'ऑल्दो द ड्रग वर्क्स, इट हॅज साइड इफेक्ट्स.' माहिती तीच, शब्द जवळजवळ तेच. पण पहिलं लिहिणारा औषध घ्या म्हणतोय आणि दुसरं लिहिणारा जपून घ्या म्हणतोय. प्रधान वाक्यात जे ठेवलं, त्यावर लेखकाचं वजन पडतं. आणि दोन्ही बाबी 'अँड'ने जोडल्या तर लेखकाने काहीच ठरवलेलं नाही असं दिसतं. विद्यार्थ्यांच्या लेखनात एकामागून एक 'अँड' येत राहतात, तेव्हा अडचण व्याकरणाची नसते. काय महत्त्वाचं ते अजून ठरलेलं नसतं.

## इतकं काटेकोर कशाला? अर्थ तर कळतोच ना!

हा आक्षेप नेहमी येतो. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक खटला सांगण्यासारखा आहे. तिथल्या कायद्यानुसार अन्नपदार्थांच्या काही कामांना जादा तासांचा वाढीव मोबदला लागू नव्हता. त्या कामांची यादी 'कॅनिंग, प्रोसेसिंग' अशी सुरू होऊन शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' अशी संपत होती, आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. तो असता तर 'डिस्ट्रिब्यूशन', म्हणजे माल पोहोचवणं, हे यादीतलं वेगळं काम ठरलं असतं. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल पोहोचवत, पण पॅकिंग करत नसत. ते म्हणाले, इथे वगळलंय ते फक्त पॅकिंग, मग ते शिपमेंटसाठी असो की डिस्ट्रिब्यूशनसाठी. आमचं काम या यादीत नाही, तेव्हा आम्हाला मोबदला द्या.

त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, तो मला स्वल्पविरामाहूनही मोलाचा वाटतो. यादीतली सगळी कामं 'इंग' लागलेल्या रूपात होती : कॅनिंग, स्टोअरिंग, पॅकिंग. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' ही मात्र साधी नामं. यादीतल्या सगळ्या घटकांचं रूप सारखं असावं या संकेताला 'पॅरलेलिझम' म्हणतात. त्या संकेतानुसार 'डिस्ट्रिब्यूशन' हे यादीतलं वेगळं काम ठरत नाही, ते 'शिपमेंट'च्या जोडीला जातं. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याची भाषा संदिग्ध असल्याचं मान्य करून चालकांच्या बाजूने निकाल दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला तडजोड झाली, आणि कायद्यातली ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली गेली.

दुसरा आक्षेप असा की इंग्रजीचे नियम सारखे बदलतात, मग कोणते पाळायचे? काही नियम खरोखरच सोडून देण्यासारखे आहेत. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको हा आग्रह कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये धरला आणि शाळांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. आज जाणकार संपादक त्याला नियम मानत नाहीत. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणं चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे, आणि शैक्षणिक लेखनासाठीच्या एपीए या शैलीनेही २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून ते स्वीकारलं आहे. नियम मोडल्यावर वाचकाचा अर्थ चुकतो का, हे पाहावं. प्रिपोझिशन शेवटी आल्याने कोणाचाच अर्थ चुकत नाही. मेनमधल्या यादीत मात्र चुकला.

## पॅसिव्ह : कर्ता लपवण्याची सोय

जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन इराणला केलेल्या शस्त्रविक्रीच्या प्रकरणाबद्दल संसदेपुढे म्हणाले, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड.' गंभीर चुका झाल्या. कोणी केल्या, हे त्या वाक्यात कुठेच नाही. व्याकरण बिनचूक आहे, आणि तरीही उत्तर द्यायला माणूस सापडत नाही.

यावरून पॅसिव्ह वाईटच असा निष्कर्ष काढू नये. 'द सॅम्पल्स वेअर हीटेड टू ९० डिग्रीज' या वाक्यात तापवणारा कोण हे बिनमहत्त्वाचं आहे, वाचकाला नमुन्यांचं काय झालं ते हवंय. पण 'इट इज बिलीव्हड दॅट...' अशी सुरुवात केलीत की समासात 'हू सेज?' येणारच. मानतं कोण? तज्ज्ञ, सर्वसामान्य लोक की तुम्ही स्वतः?

## रेटरिक म्हणजे पोकळ बडबड नव्हे

बातम्यांत 'नुसतं रेटरिक' हा शब्दप्रयोग इतका येतो की ही विद्याच बदनाम झाली आहे. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पटवून देण्याचे तीन मार्ग सांगितले : ईथॉस म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, आणि लोगॉस म्हणजे युक्तिवाद. शैक्षणिक लेखनात भर लोगॉसवर असला तरी ईथॉस सुटत नाही. विरुद्ध मत प्रामाणिकपणे मांडणं आणि पुराव्यापेक्षा मोठा दावा न करणं यातूनच वाचकाचा विश्वास बसतो. एका सर्वेक्षणाच्या आधारावर 'प्रूव्हज' लिहिणारा आणि 'सजेस्ट्स' लिहिणारा यांच्यात वाचक लगेच फरक करतो.

'सो व्हॉट?' ही खूण लोगॉसची आहे : पुराव्यावरून दावा कसा निघतो ते दिसत नाही, असं ती सांगते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी फोड केली, ती इथे फार उपयोगी पडते. दावा असतो, पुरावा असतो आणि या दोघांना जोडणारा दुवा असतो. हा दुवा बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. 'विद्यार्थ्यांची झोप पुरी होत नाही, म्हणून शाळा उशिरा भरवावी' हे घ्या. पुरावा झोपेचा, दावा शाळेच्या वेळेचा. मध्ये गृहीत धरलंय ते हे की शाळा उशिरा भरली तर मुलं जास्त झोपतील, आणखी उशिरापर्यंत जागणार नाहीत. तेच तर सिद्ध करायला हवं. ते एक वाक्य लिहायला बसलं की आपला निबंध कुठे कच्चा आहे हे आपल्यालाच कळतं, आणि पुढचा पुरावा कशाचा शोधायचा तेही कळतं.

भाषेचे अलंकारही रेटरिकचाच भाग. लिंकन यांच्या १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या भाषणातलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' आजही तोंडी आहे, आणि त्यामागे तोच पॅरलेलिझम आहे जो मेनच्या खटल्यात चर्चेला आला.

## सायटेशन : 'हू सेज?'चं सरळ उत्तर

संदर्भ द्यायच्या शैली अनेक आहेत, आणि हा सगळा त्रास निष्कारण आहे असं वाटतं. पण त्या वेगळ्या का झाल्या ते पाहिलं की लक्षात ठेवणं सोपं जातं. मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांत संशोधन किती ताजं आहे याला महत्त्व असतं, म्हणून तिथली एपीए शैली आडनावाशेजारी वर्ष देते. साहित्याच्या अभ्यासात नेमकी ओळ गाठायची असते, म्हणून एमएलए शैली आडनावाशेजारी पान देते. इतिहासकारांना जुनी कागदपत्रं, पत्रं असे नाना प्रकारचे पुरावे वापरावे लागतात, कंसात ते मावत नाहीत. म्हणून शिकागो शैलीत तळटिपा असतात. क्रियापदाचा काळही यानुसार बदलतो : एपीएत 'फाउंड' किंवा 'हॅज शोन', एमएलएत 'आर्ग्यूज'.

एपीए आणि एमएलए या दोन्हींत एक गोष्ट पक्की. एपीएतल्या वैयक्तिक पत्रव्यवहारासारखे अपवाद सोडले, तर मजकुरात ज्याचा संदर्भ दिला तो प्रत्येक स्रोत शेवटच्या सूचीत हवा, आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी यायला हवी. वाचलं पण वापरलं नाही, ते सूचीत घालायचं नाही.

जास्त गोंधळ होतो तो 'माझ्या शब्दांत लिहिलंय, मग संदर्भ कशाला?' यावर. शब्द तुमचे असले तरी विचार दुसऱ्याचा आहे, म्हणून संदर्भ हवाच. आणि शब्द खरोखर तुमचे आहेत का, हेही तपासावं लागतं. समजा मूळ वाक्य असं आहे : 'द रॅपिड ग्रोथ ऑफ सिटीज पुट हेवी प्रेशर ऑन वॉटर सिस्टिम्स.' कोणी लिहिलं, 'द फास्ट ग्रोथ ऑफ सिटीज प्लेस्ड ग्रेट प्रेशर ऑन वॉटर नेटवर्क्स.' शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. हे वाङ्मयचौर्यातच धरलं जातं. दुसऱ्या कोणी लिहिलं, 'वॉटर सिस्टिम्स फेल्ड ॲज सिटीज ग्रू.' सांगाडा बदलला, पण आता चूक अधिक गंभीर झाली. मूळ लेखकाने ताण आला म्हटलं होतं, यंत्रणा कोलमडली असं म्हटलं नव्हतं. त्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य गेलं. 'ॲज सिटीज एक्सपांडेड क्विकली, देअर वॉटर सिस्टिम्स केम अंडर स्ट्रेन' हे चालेल, पुढे संदर्भासह. हे साधायला एकच उपाय मला खात्रीचा वाटतो : मूळ उतारा दोनदा वाचायचा, बंद करायचा, लिहायचं, आणि मग मुळाशी ताडून पाहायचं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशा सर्वमान्य गोष्टींना संदर्भ लागत नाही. शंका असेल तिथे द्यावा. आणि एखाद्या पुस्तकात दुसऱ्या कोणाचं मत वाचलं असेल, तर शक्यतो मूळ ग्रंथ गाठावा. न मिळाल्यास आपण ते कुठे वाचलं हे स्पष्ट लिहावं.

## एआय करून देतं, मग?

स्वल्पविराम, आर्टिकल्स, क्रियापदाचं वचन ही कामं एआय साधनं खरोखर चांगली करतात. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याने ती वापरावीत, यात कमीपणा नाही. पण हे साधन 'ऑल्दो' कोणत्या वाक्याला लावायचं हे ठरवतं, तेव्हा वजन कशावर द्यायचं हेही तेच ठरवतं. औषधाच्या त्या दोन वाक्यांपैकी तुम्हाला कोणतं म्हणायचं होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

संदर्भांच्या बाबतीत धोका आणखी मोठा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी सादर केलेल्या कागदपत्रांत अस्तित्वातच नसलेल्या खटल्यांचे दाखले निघाले. ते चॅटजीपीटीने रचले होते. नावं, उतारे सगळं खऱ्यासारखं. न्यायालयाने ५ हजार डॉलरचा दंड केला. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ म्हणूनच स्वतः उघडून पाहायचा. बहुतेक शोधनिबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो टाकल्यावर निबंध उघडायला हवा, लेखक आणि वर्ष जुळायला हवं, आणि आपण म्हणतो ते त्यात खरंच असायला हवं. ही शेवटची तपासणी लोक हमखास गाळतात.

उजळणी करताना बहुतेक जण स्पेलिंगपासून सुरुवात करतात. मी उलटा क्रम सुचवेन. आधी प्रत्येक परिच्छेदाचा दावा एका ओळीत बाजूला लिहून काढावा आणि पुराव्याशी त्याचा दुवा आहे का ते पाहावं. मग संदर्भ उघडावेत. मग वाक्यं मोठ्याने वाचून प्रधान कोणतं, गौण कोणतं ते ठरवावं. स्वल्पविराम सर्वांत शेवटी, कारण तोवर बरीच वाक्यं बदललेली किंवा गळालेली असतात.